घड्याळाचे कूळ आणि मोंढ्याचा संशय

महागडे मनगटी घड्याळ नेमके कशाच्या जोरावर विकले जाते, याचा शोध घेताना पहिली गोष्ट अशी आढळते की, वेळ दाखवणे हा त्या वस्तूचा धर्म असला तरी विक्रीच्या बोलण्यात वेळेचा विषय सहसा निघत नाही; आणि तो निघू नये यात विक्रेत्याचे हितच असते. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या सेलच्या घड्याळात क्वार्ट्झ, म्हणजे विजेच्या स्पर्शाने ठरावीक गतीने कंप पावणारा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी साधारण पंधरा-वीस सेकंदांची चूक करतो. याउलट चावीच्या किंवा हाताच्या हालचालीने स्वतःच चावी भरून घेणाऱ्या यांत्रिक घड्याळाला स्वित्झर्लंडमधील 'कॉस्क' ही तपासणी संस्था 'क्रोनोमीटर', अर्थात खात्रीचे कालमापक, असा दाखला देते तेव्हा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे पडण्याची किंवा ६ सेकंद पुढे जाण्याची मुभा त्याला असते. म्हणजे लाखो रुपयांच्या प्रमाणित घड्याळाने ही मुभा पुरेपूर वापरायची ठरवली, तर गरीब घड्याळाला जी चूक करायला महिना लागतो ती ते तीन दिवसांत उरकून मोकळे होते. अशा स्थितीत घड्याळ वेळ कशी दाखवते याऐवजी ते कसे घडवले गेले, कोणत्या दरीत, कोणत्या म्हाताऱ्या कारागिराच्या हातून, याच्याच कथा सांगाव्या लागतात, हे ओघाने आले.

या कथांच्या परीक्षणासाठी हिंगोली जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीचा आहे, आणि हळदीच्या मोंढ्यात सौंदर्याला मान असला तरी त्याच्यावर विश्वास कोणी ठेवत नाही. हळकुंड शिजवून, वाळवून, ढोलात फिरवून पॉलिश केलेले असते, त्यामुळे बाहेरून ते सगळेच तेजस्वी दिसते. जाणता खरेदीदार ते ढिगातून उचलतो, दोन बोटांत धरून मोडतो, आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. आपले हळकुंड मोडले म्हणून कोणी शेतकरी अपमान मानत नाही. घड्याळाच्या वातानुकूलित दालनात मात्र ही पद्धत रुळलेली नाही, आणि सहा लाखांची वस्तू मोडून आतला रंग पाहू इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवण्यासाठी तेथे गणवेशातील एक मनुष्य पगारावर ठेवलेला असतो. कंपन्यांनी या संशयावर तोड म्हणून घड्याळाची पाठ काचेची केली आणि आतली फिरती चाके गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणली. परंतु जी बाजू दाखवायची आहे तीच घासून, रेषा पाडून, कडा चमकवून सजवलेली असते, त्यामुळे काचेतून जे दिसते तेही शेवटी पॉलिशच होय.

सर्वांत लाडका दावा हाताने घडवल्याचा. तो तपासायला भिंग लागत नाही, भागाकार पुरतो. ग्रोबेल फोर्सी या स्विस कंपनीने २०१९ साली 'हँड मेड १' नावाचे एक घड्याळ जाहीर केले आणि त्याचे ९५ टक्के भाग हाताने चालवायच्या अवजारांनी केले असून एका नगाला सुमारे ६,००० तास लागतात, असे सांगितले. रोज आठ तास काम धरले तर हे ७५० दिवस होतात. त्यात रविवार, सणवार आणि दुखणीबाणी मिळवली तर एका माणसाची अडीच वर्षे एका घड्याळात जातात. हा हिशेब मान्य केला, की वर्षाला लाखो घड्याळे बाजारात आणून त्या प्रत्येकावर कारागिराच्या हाताची ऊब असल्याचे सांगणाऱ्या कंपनीकडे किती कारागीर असावेत आणि ते सगळे स्वित्झर्लंडमध्ये मावतील का, असे प्रश्न आपोआप उभे राहतात. वास्तविक त्या भागांना आकार देते संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र, आणि माणसाचा हात जुळणीला, तपासणीला व शेवटच्या घासकामाला लागतो. यात कमीपणा काहीच नाही, किंबहुना यंत्राने कापलेले चाक हाताने कापलेल्यापेक्षा अधिक नेमके असते. पण नेमकेपणाची जाहिरात करावी तर पुन्हा ते दोन-तीनशे रुपयांचे घड्याळ आडवे येते.

दुसरा दावा मुलखाचा. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड' असे बारीक अक्षर असते, आणि त्यामागे खरोखरीचा कायदा आहे: १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असला पाहिजे, त्यातील यंत्र स्विस असले पाहिजे, आणि ते कवचात बसवण्याचे काम व अखेरची तपासणी त्याच देशात झाली पाहिजे. हा नियम पूर्वीच्यापेक्षा कडक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि मोजमाप भागांच्या संख्येचे नसून खर्चाचे आहे, आणि ज्या देशात मजुरी जगात सर्वाधिक महागांपैकी आहे तेथे केलेले थोडे कामही खर्चाच्या खात्यात मोठे दिसते, ही बारीक गोष्ट विक्रेता सांगत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट मुलखाचे नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले. तेथील एखाद्या अडत्याने पोते उघडून "यातली साठ टक्के हळद वसमतची आहे, तीसुद्धा खर्चाच्या हिशेबाने", असे सांगितले असते तर पुढचा लिलाव बराच रंगला असता. (भिंतीवरच्या घड्याळांच्या बाबतीत मराठी माणसाने याहून मोठे औदार्य दाखवले आहे. 'अजंठा'चे घड्याळ गुजरातेत मोरबीला तयार होते, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील लेण्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारल्याचे आढळत नाही.)

तिसरा दावा कुळाचा आहे आणि तो जाणकारांसाठी राखून ठेवलेला असतो. घड्याळाच्या आतल्या यंत्राला हिंगोलीच्या बाजारात 'मशीन' म्हणतात. हे मशीन बाहेरून विकत न घेता कंपनीने स्वतःच्या घरात निर्माण केले असेल तर घड्याळाचा भाव चढतो, कारण अनेक नामांकित नावांच्या आत एटा किंवा सेलिटा या मोजक्या कारखान्यांची मशीने धडधडत असतात. २००९ च्या अखेरीस टॅग ह्यूअर कंपनीने 'कॅलिबर १८८७' हे नवे मशीन स्वतःचे म्हणून मोठ्या अभिमानाने मांडले. त्याचा मूळ आराखडा जपानच्या सेको कंपनीकडून हक्कांसह घेतलेला होता, ही गोष्ट चोखंदळ ग्राहकांनी बोट ठेवल्यावर कंपनीला स्पष्ट करावी लागली. मशीन चांगलेच होते. लग्नात मुलगा चांगला असूनही तो दत्तक आहे हे लपवल्यामुळे जशी बोलणी फिसकटतात, तसा काहीसा तो प्रकार झाला. आपल्याकडे हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळे काढली तेव्हा जपानच्या सिटिझन कंपनीचे साहाय्य उघडपणे सांगूनच काढली, आणि मराठवाड्यातील कित्येक नवरदेवांनी ती कोणतीही कुळकथा न ऐकता मनगटावर चढवली.

एचएमटीच्या 'जनता' घड्याळावर सतरा ज्वेल असल्याचे लिहिलेले असे, आणि येथून रत्नांचे प्रकरण सुरू होते. चाकांचे आस धातूवर घासून झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना माणकाच्या बारीक बैठका दिलेल्या असतात. पण हे माणिक खाणीतले नसून भट्टीतले असते, कारण ओगुस्त व्हर्न्यूइ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून त्याची किंमत नगण्य झाली. साध्या चावीच्या घड्याळाला सतरा ज्वेल पुरतात. गेल्या शतकात काही कंपन्यांनी कसलाही भार न पेलणारे खडे नुसते चिकटवून ही संख्या शंभरापर्यंत नेली, आणि शेवटी कामाचा खडा कोणता व बिनकामाचा कोणता हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक काढावे लागले. घड्याळाची काच 'सफायर'ची, म्हणजे नीलमाची, असल्याचा दावाही खरा आहे, आणि तोच मराठी ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत धाडसाचा म्हणावा लागेल. बोटात नीलम घालण्यापूर्वी जो गृहस्थ पत्रिका दाखवतो, आठवडाभर तो उशाशी ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहतो, तोच गृहस्थ सुपारीएवढ्या नव्हे तर पुरीएवढ्या नीलमाची चकती बेधडक मनगटावर बांधून हिंडतो आणि शनीला त्याचा पत्ताही लागत नाही. नीलमही भट्टीतलाच असल्यामुळे साडेसातीवर त्याचा उपाय किंवा अपाय होत नसावा. ३०० मीटर खोल पाण्यात टिकण्याच्या दाव्याचीही परीक्षा जिल्ह्यात घेता येत नाही, कारण ईसापूरच्या धरणाची भिंतसुद्धा १०० मीटर उंच नाही.

सर्वांत महाग दावा 'तूर्बियों'चा. अब्राहम-लुई ब्रेगे याने १८०१ साली पॅरिसमध्ये या रचनेचे पेटंट घेतले: घड्याळाची गती राखणारे लोलकचक्र एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच सतत, बहुधा मिनिटाला एक फेरा, फिरवत ठेवायचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक सगळ्या दिशांना वाटली जाऊन मिटते. खिशात दिवसभर उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी ही युक्ती अप्रतिम होती. मनगट तर मुळातच दिवसभर हलत असते. नरसीच्या नामदेवांना पुजाऱ्यांनी औंढ्याच्या देवळामागे बसवले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. ते देऊळ एकदाच फिरले आणि कार्य सिद्धीस गेले. तूर्बियों मिनिटाला एकदा फिरते आणि तरीही सेलच्या घड्याळाला गाठत नाही.

त्याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तर तो ओळखणे हे अशा यंत्राचे काम. अमेरिकेतील लायगोच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या दाव्याशी केलेले वर्तन घड्याळाच्या विक्रेत्याला समजणेही कठीण जाईल. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी नोंदींत गुपचूप एक खोटा संकेत घुसवला, उरलेल्या शेकडो जणांनी महिनोन्महिने त्यावर काम करून शोधनिबंध लिहून तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष सांगण्यात आले की हा संकेत आपणच घातला होता. हेतू एवढाच, की आपण फसतो कसे ते कळावे. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली तेव्हा पहिली चौकशी झाली ती 'हा खोडसाळपणा कोणाचा' अशी, आणि जगाला बातमी पाच महिन्यांनी मिळाली.

घड्याळांच्या व्यापारात उलटा खोटेपणाही चालतो, आणि त्याचे माहेर आपल्याच राज्यात आहे. २०१६ साली एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाल्यावर जुन्या घड्याळांना भाव आला; पण त्याच्या आधीपासूनच निरनिराळ्या मेलेल्या घड्याळांचे अवयव एकत्र करून, तबकडी भडक रंगात नव्याने रंगवून, पन्नास वर्षांपूर्वीचा अस्सल माल म्हणून ती देशोदेशी विकली जात होती. विदेशी संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. येथे हाताने काम केल्याचा दावा अगदी खरा असतो, पण तो मात्र कोणी करत नाही.

हे सारे दावे पारखू शकणारा एकच मनुष्य तालुक्याच्या गावी उरला आहे, तो म्हणजे डोळ्याला भिंग लावून टपरीत बसणारा घड्याळजी. तो पाठ उघडतो, आत फुंकर घालतो आणि "मशीन जपानी आहे" किंवा "मशीन बदललेली आहे" एवढेच सांगतो. त्याचे निदान सेलच्या किमतीत मिळते. परंतु महाग घड्याळाच्या हमीपत्रात पहिली अट अशी असते की, अधिकृत सेवाकेंद्राबाहेर कोणी पाठ उघडली तर हमी संपुष्टात येईल.