मिल्टन कीन्सच्या सुपरमॅनला अनावृत पत्र

श्री. रा. रा. काल-एल ऊर्फ क्लार्क केंट ऊर्फ सुपरमॅन,
द्वारा ‘डेली प्लॅनेट’, मेट्रोपोलिस, यांसी

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आलेली पत्रं नुसती वाचत नाही, मनावरही घेता. जेरेमी नावाच्या एका शाळकरी पोराने ‘जगातली अण्वस्त्रं तेवढी नाहीशी करा’ असं लिहिलं आणि आपण थोडं घुटमळून का होईना, थेट संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन उभे राहिलात. सगळी अण्वस्त्रं आपण स्वतः उचलणार, अशी घोषणा केलीत. देशोदेशींच्या प्रतिनिधींनी टाळ्या वाजवल्या. ना कुणी नकाराधिकार वापरला, ना सभात्याग केला, ना ‘सरकारला विचारून कळवतो’ म्हटलं. मग अवकाशात एक अजस्र जाळं घेऊन आपण त्यात क्षेपणास्त्रं गोळा केलीत आणि गरगर फिरवून सूर्यात भिरकावलीत. हे सारं ज्या चित्रपटात घडलं, तो ‘सुपरमॅन 4 : द क्वेस्ट फॉर पीस’ जुलै 1987 मध्ये अमेरिकेत झळकला. त्यानंतर आपण मोठ्या पडद्यावरून जे गेलात, ते 2006 पर्यंत फिरकला नाहीत. 2006 च्या चित्रपटाने तर तिसऱ्या-चौथ्या भागाशी ओळखच दाखवली नाही. घरात एखाद्या काकांचा विषय काढायचा नसतो, तसं.

तरी आपल्या हेतूबद्दल शंका नको. ही शांततेची कल्पना आपली भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर रीव्ह यांचीच. निळा पोशाख पुन्हा अंगावर चढवायला ते फारसे उत्सुक नव्हते. ‘कॅनन फिल्म्स’ने त्यांना कथेत वाटा दिला आणि वर त्यांच्या मनातला ‘स्ट्रीट स्मार्ट’ हा चित्रपट काढून देण्याचं कबूल केलं. सौदा झाला. गंमत अशी, की त्या ‘स्ट्रीट स्मार्ट’ने मॉर्गन फ्रीमन यांना पहिलं ऑस्कर नामांकन मिळवून दिलं. आपल्या चित्रपटालाही नामांकनं होती, फक्त ती रॅझी पुरस्काराची. त्यातलं एक सर्वांत वाईट दृश्यपरिणामांचं. तेही पदरात पडलं नाही. ‘जॉज : द रिव्हेंज’मधल्या शार्कने ते पळवलं.

कॅनन म्हणजे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे इस्रायली चुलतभाऊ. चक नॉरिस, चार्ल्स ब्रॉन्सन आणि निंजा यांच्या जिवावर त्यांचं दुकान जोरात चालत होतं. एका वेळी इतके चित्रपट हातात, की पैसा एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालणं हाच मुख्य व्यवसाय झाला होता. आपल्यासाठी ठरवलेले सुमारे 3.6 कोटी डॉलर चित्रीकरणाच्या तोंडावर 1.7 कोटींवर आले. 1978 च्या पहिल्या चित्रपटात आपल्या तीर्थरूपांची, म्हणजे जॉर-एलची भूमिका करण्यासाठी मार्लन ब्रँडो यांनी एकट्याने 37 लाख डॉलर घेतले होते, हे आठवलं की काटकसरीचा अंदाज येतो. त्या वेळी एकूण खर्च होता साडेपाच कोटी.

काटकसर प्रथम दिसली ती न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये नाहीच. आपण संयुक्त राष्ट्रसंघाकडे चालत निघता तो रस्ता इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा, आणि मागची काचेची इमारत तिथल्या रेल्वे स्टेशनच्या आवारातली. रीव्ह यांनी पुढे ‘स्टिल मी’ या आत्मचरित्रात या प्रसंगाची आठवण लिहिली आहे. पहिल्या भागाचे रिचर्ड डॉनर इथेही दिग्दर्शक असते, तर हे खऱ्या 42व्या रस्त्यावर, शेकडो माणसं आणि वाहनांच्या गर्दीत चित्रित झालं असतं, अशी त्यांची खंत. इथे होती जेमतेम शंभरेक माणसं, पाऊस, आणि रस्त्यावर एक गाडी नाही. वातावरणनिर्मितीसाठी डझनभर कबुतरं सोडली होती.

त्या कबुतरांनी मात्र कामात कसूर केलेली दिसत नाही.

आता उड्डाणाकडे येऊ. माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, ही 1978 ची जाहिरात होती आणि ती बोलल्यासारखी खरी ठरली होती. प्रेक्षक मान वर करून बघत राहिले. चौथ्या भागात आपण समोरून कॅमेऱ्याकडे झेपावता, मूठ पुढे, चेहरा निश्चयी. छान. पुढच्या संकटात पुन्हा तेच: तीच मूठ, तोच निश्चय, मागे फक्त आकाश बदललेलं. त्यानंतर आणखी एकदा. एक चित्रण काढून ते अख्ख्या चित्रपटाला पुरवून खाल्लं आहे. चंद्रावरच्या मारामारीत तर मागचं अनंत अवकाश म्हणजे काळा पडदा, हे त्याच्या चुण्यांवरून कळतं. इतका खर्च करून निदान इस्त्री तरी?

चंद्राचा विषय निघालाच आहे, तर त्याची तक्रारही नोंदवून घ्यावी. आपला शत्रू न्यूक्लिअर मॅन सूर्यप्रकाशावर चालतो; सावलीत गेला की बंद. आपला जुना वैरी लेक्स ल्युथर याने एका संग्रहालयातून आपला केस चोरला. या केसाला प्रचंड वजन टांगलेलं असूनही तो तुटत नाही, असं तिथे प्रदर्शन मांडलं होतं. ल्युथरने तो मोठ्या कात्रीने कचकन कापला. त्या केसापासून हा सोनेरी पोशाखाचा, धारदार नखांचा गडी सूर्यात जन्मला. मार्क पिलो यांनी ती भूमिका केली आणि आवाज लागला जीन हॅकमन यांचा, म्हणजे खुद्द ल्युथरचाच. आपण या गड्याला लिफ्टमध्ये कोंडून चंद्रावर नेऊन ठेवलंत. ही कल्पना उत्तम होती. पण दाराच्या फटीतून ऊन आलं! अखेरीस आपण चंद्रच ढकलून सूर्यापुढे आणलात आणि ग्रहण लावलंत. पृथ्वीवरच्या भरती-ओहोटीचं त्या दिवशी काय झालं, मच्छीमारांनी कुठे दाद मागितली, यावर चित्रपट गप्प आहे. त्याच सुमारास लेसी वॉरफिल्ड ही तरुणी अंतराळात विनाहेल्मेट, विनाऑक्सिजन सुखरूप फिरून आली. चीनच्या भिंतीला पडलेलं खिंडार आपण नुसत्या नजरेने विटा रचून बुजवलंत. ही विद्या आपल्याकडे आधी कधी नव्हती आणि पुढेही कधी वापरलीत असं आढळत नाही. गवंडीकामाला केवढी मागणी आहे!

काही दोष आपल्या पदरात घालणं अन्यायाचं होईल. चाचणी खेळात सुमारे 134 मिनिटांचा असलेला चित्रपट कापून 90 मिनिटांचा केला. त्यात आणखी एक न्यूक्लिअर मॅन होता. क्लाइव्ह मँटल यांनी केलेला हा पहिलावहिला, ओबडधोबड नमुना सबंधच गळाला. एवढा भाग उडाल्यावर कोण कुठून आलं आणि कशासाठी, हे कळेनासं झालं तर नवल नाही.

आणि एक गोष्ट आपल्या लक्षात आली की नाही, ठाऊक नाही. या कथेत डेव्हिड वॉरफिल्ड नावाचा सनसनाटी वृत्तपत्रांचा धनी ‘डेली प्लॅनेट’ विकत घेतो. नाव मोठं, प्रतिष्ठा जुनी. त्याला दोन्हीतून फक्त नफा काढायचा आहे. संपादक पेरी व्हाइट चरफडतो, मथळे भडक होतात, खर्चाला कात्री लागते. या चित्रपटाच्या चार वर्षं आधी विनोदी नट रिचर्ड प्रायरसह काढलेल्या तिसऱ्या भागाने नाराज केल्यावर आणि 1984 ची ‘सुपरगर्ल’ आपटल्यावर सॅलकाइंड या निर्माते पितापुत्रांनी आपले हक्क कॅननला दिले, तेव्हा आपल्याबाबत नेमकं हेच झालं होतं. चित्रपटातला पेरी व्हाइट निदान शेवटी कर्ज काढून वृत्तपत्र परत मिळवतो. आपल्याला सोडवायला कुणी पेरी व्हाइट आला नाही. अमेरिकेत गल्ला जमला दीड कोटी डॉलरच्या थोडा वर. पहिल्या भागाने तिथेच 13 कोटींवर कमावले होते.

पैसा कमी होता, ही सबब मात्र महाराष्ट्रात सांगू नये. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात नासीर शेख यांनी यंत्रमाग कामगार शफीक शेख यांना आपला पोशाख चढवून ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. ट्रकच्या अंगाला हिरवं कापड बांधून उड्डाणं केली. खलनायक तंबाखूवाला. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये त्यावर माहितीपट केला आणि तो जगभरच्या महोत्सवांत हिंडला. त्या पोरांकडे मिल्टन कीन्सदेखील नव्हतं. पण आपण कितपत उडू शकतो हे त्यांना माहीत होतं, आणि ते लपवण्यासाठी त्यांनी जागतिक शांततेवर भाषण ठोकलं नाही.

शांततेचं म्हणाल, तर आपला चित्रपट आला त्याच वर्षी 8 डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या केल्या. 1991 पर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट केली. जाळ्यात भरून नव्हे. एकमेकांच्या तळांवर निरीक्षक पाठवून, वह्यांत नोंदी करून, एकेक मोजून. या कंटाळवाण्या कामात एकही केप फडफडली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तिकीटधारक

ता. क. : चौथ्या भागात लेक्स ल्युथरच्या लेनी या बावळट पुतण्याचं काम करणारे जॉन क्रायर आपल्याला आठवत असतील. त्यांनीच 2019 पासून ‘सुपरगर्ल’ या दूरचित्रवाणी मालिकेत खुद्द लेक्स ल्युथर साकारला, आणि समीक्षकांनी वाखाणला. पुतण्याने काकांची गादी घेणं महाराष्ट्राला नवं नाही. आपण मात्र बेसावध राहू नये.