गाडीचं जावळ

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला, तेव्हा तिथे गुरांचा बाजार भरत असे. आता मेळ्यात बैलाचे दात मोजायला कोणी जात नाही. लोक गाडीचं हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघतात, एवढाच फरक. मेळ्यात घेतलेल्या गाडीला रस्ता-करात 50 टक्के सूट, असा हुकूम राज्य सरकार काढतं आणि तो निघेपर्यंत अर्धं शहर खरेदी अडवून बसतं. त्यामुळे हरिशंकरपुरममध्ये संक्रांतीच्या आगेमागे घरोघर एकदमच पाळणे हलतात. हेडलाइटला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, शेजारी पेढे. थंडी उतरू लागते तोवर मीटर पाचशेच्या घरात आलेला असतो आणि पुढच्या संस्काराची घडी भरते: पहिलं ऑइल बदलणं. मुलाचं जावळ काढतात त्यातलाच हा प्रकार. जन्मताना बरोबर आलेलं एकदा उतरवायचं. आता हे जावळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात काढावं की घरच्या अंगणात, यावरून कॉलनीत दोन पंथ पडले आहेत. घरच्या पंथाचं बरंचसं म्हणणं आम्हाला पटतं. फक्त त्यांचा विधी मध्येच संपतो, अशी आमची तक्रार आहे.

आधी त्यांची बाजू. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून आपली जागा करून घेतात, गिअरचे दात एकमेकांना सरावतात, आणि या सगळ्या घासाघाशीचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि गरगर फिरून कण कडेला फेकणारी वाटी असते. शिवाय मोटारसायकलचं ऑइल बिचारं एकटं तीन घरची धुणीभांडी करतं: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिस 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. घरच्या पंथातही कडवे आहेतच. ते पन्नासला एकदा, दोनशेला एकदा आणि पाचशेला पुन्हा ऑइल काढतात. पुस्तिका लिहिणाऱ्या इंजिनिअरपेक्षा आपल्याला गाडीची माया जास्त, हा त्यांचा सिद्धांत. एका मुलाचं तीनदा जावळ काढलं तर केस दाट येतात, असं मानणाऱ्यांशी वाद घालू नये.

आता घरच्या पंथावरचे आक्षेप. पहिला पैशांचा: घरी पैसे वाचतात, हा निव्वळ भ्रम आहे. पहिली सर्व्हिस फुकट असते म्हणजे मजुरी फुकट असते. ऑइलचे पैसे तिथेही मोजावे लागतात आणि घरीही. वर घरी पाना लागतो, नरसाळं लागतं, नवं वायसर लागतं, आणि स्वयंपाकघरातून न विचारता उचललेलं एक पातेलं लागतं, जे परत स्वयंपाकघरात जात नाही. फुकट मिळणारी मजुरी नाकारून पदरमोड करत आपण राबायचं, हा अर्थशास्त्राचा कुठला अध्याय म्हणावा? पण आम्ही याला दोष देत नाही. पुरणपोळी विकत मिळते म्हणून घरी करायची नाही, असं थोडंच आहे! सर्व्हिस सेंटरात गाडी काचेपलीकडे जाते आणि आपण वेटिंग रूममध्ये चहा पीत बसतो. घरी निदान जुनं निघालं आणि नवं पडलं, हे डोळ्यांनी दिसतं. गोष्ट तेवढीच, पण तीही काही कमी नाही.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. घरी बोल्टला हात लावलात की वॉरंटी गेली, असा धाक काउंटरवरून घातला जातो. या धाकाची एक चौकशी झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपये दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा आरोप होता, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी बुडवण्याची अटही आयोगाने खपवून घेतली नाही. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. मात्र 2014 चा आदेश चारचाकींचा होता, आणि तुमच्या हातातल्या पुस्तिकेत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच कराव्यात असं बहुधा छापलेलं असतं. तेव्हा हक्क आहे म्हणून शिक्का चुकवावा, असं आम्ही सांगणार नाही. ऑइल घरी बदला आणि कुपनावर शिक्काही घेऊन या. सत्यनारायण घरी घालतात म्हणून देवळात जायचं कोणी सोडत नाही.

तिसरा आक्षेप, अडाण्याच्या हाती पाना. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर पुस्तिकेतच आहे. अडचण एवढीच की ती कोणी उघडत नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे ग्वाल्हेरच्या थंडीत मधासारखं घट्ट झालेलं ऑइल पातळ होतं आणि तळाला बसलेला चुरा घेऊन निघतं. गाडी सरळ उभी हवी, नाहीतर थोडं आतच राहतं. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा, हे विसरून जो सतरा नंबरच्या पान्यावर सगळं वजन टाकून बोल्ट आवळतो, त्याचे आटे जातात. मग सव्वा लाखाच्या गाडीतून ठिपका-ठिपका ऑइल रांगोळीसारखं पडत राहतं. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो, कॉलनीत मात्र ‘हाथ का अंदाज़’ हेच प्रमाण. आणि चारचाकीचं उरलेलं ऑइल दुचाकीत ओतणाऱ्यांना आमचा साष्टांग नमस्कार: त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या औषधांनी क्लचही घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 लिहिलेलं बघून घ्यावं, प्रश्न मिटला.

इथवर घरचा पंथ जिंकला, असं समजायला हरकत नाही. पण आता पातेल्यात पाऊण-एक लिटर काळं ऑइल आहे, त्यात उन्हात जरीसारखा चमकणारा धातूचा चुरा आहे, आणि यजमान हात पुसत नव्या ऑइलचं कौतुक करतो आहे. जावळाचे केस आपल्याकडे नदीत सोडतात. कॉलनी तेच करते. घरापुढच्या उतारावरून पातेलं नालीत कलंडतं. शहराच्या लश्कर भागातल्या नाल्या ज्या स्वर्णरेखेला जाऊन मिळतात ती एके काळी नदी होती, आता तिला सगळे नाला म्हणतात, आणि असं म्हटलं की काही टाकताना मन खात नाही. पिण्याचं पाणी तिघरा धरणातून येतं. त्यामुळे खालच्या पाण्याशी आपलं काही देणंघेणं उरलेलं नाही, अशी समजूत. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एकदा बदललेलं मोटारीचं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. आपलं मोटारसायकलचं आहे, चौथा हिस्सा धरा. अडीच लाख गॅलन म्हणजे साडेनऊ लाख लिटर.

यावर तयार उत्तर येतं: सर्व्हिस सेंटरवाले तरी काय करतात? ते पिंपात भरतात आणि विकतात. तिथून ते बांधकामाच्या प्लेटांना फासलं जातं, भट्टीत जळतं किंवा नीट शुद्धही होतं. हे सगळं आदर्श नाही, पण पिंप भरलं की निदान त्याचा हिशेब मागता येतो. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून वंगण तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत शुद्ध करून घेण्याची जबाबदारी आली आहे. शुद्ध होतंही, कारण ऑइल झिजत नाही, मळतं. घरगुती पातेल्यापर्यंत मात्र कायदा पोचत नाही. 2016 च्याच घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची यादी होती: रंगाचे डबे, कीटकनाशकं, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, थर्मामीटर, सुया, इत्यादी. काळं ऑइल त्या ‘इत्यादी’त राहिलं.

ते तिथून काढणं अवघड नाही. नवं ऑइल ज्या लिटरच्या डब्यातून आलं तो आता रिकामा आहे, आणि जुनं बरोबर त्यात मावतं. नरसाळं हाताशी आहेच. झाकण घट्ट लावायचं, डबा पिशवीत घालायचा आणि त्याच सर्व्हिस सेंटरच्या पिंपात नेऊन ओतायचा; शिक्क्यासाठी जायचं आहेच. काउंटरवरचा माणूस विचारील, ऑइल घरी बदललं तर इथे कशाला आलात? तेव्हा घरच्या पंथाने मान खाली घालू नये. मुलाचं जावळ घरी काढलं तरी मामाला बोलवावंच लागतं.