दयेची चौदा कृत्यं आणि एक फणी केळी

वसईत कुणी आजारी पडलं की पहिली खबर केळीवाल्याला लागते. बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटलात भेटीच्या वेळेला गेलात तर जिन्यावर नातेवाईक थोडे आणि धर्मग्राम, म्हणजे चर्चची मंडळी, जास्त दिसेल. कुणाच्या हातात केळ्यांची फणी, कुणाच्या हातात पेजेचा डबा, कुणाच्या हातात जपमाळ. खाटेशी आल्यावर पहिला प्रश्न, "काय बाय, कसं काय आता?" बायने तोंड उघडायच्या आत दुसरं वाक्य, "आमच्या वाडीतल्या जावयाला अगदी हेच झालेलं." त्या जावयाचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं. न विचारताही ते सांगितलं जातं, दफनाला किती माणसं होती त्याच्यासकट. बाय ऐकून घेते. मग प्रार्थना होते, आणि ती खरोखर पोटातून येते, डोळे ओले होतात. मंडळी पुढच्या खाटेकडे वळतात, कारण तिथेही कुणीतरी ओळखीचं असतंच.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीत सिस्टरांनी आमच्याकडून हे सगळं पाठ करून घेतलं होतं. दयेची चौदा कृत्यं, सात शरीरासाठी, सात आत्म्यासाठी. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट. ही सहा मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातली. मेलेल्याला मूठमाती देणं हे सातवं, ते जुन्या करारातल्या तोबीतच्या पुस्तकामुळे यादीत आलं. आत्म्याच्या सातांत अडाण्याला शिकवणं, गोंधळलेल्याला सल्ला देणं, पाप्याची कानउघाडणी करणं, दुःखिताचं सांत्वन, अपराधांची क्षमा, जिवंतांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना. शिवाय आणखी एक, जे म्हणून दाखवताना माझ्याकडून हमखास सुटायचं: त्रासदायक माणसांना धीराने सोसणं.

ही यादी ज्याने केली तो हिशेबी माणूस असावा. एकाने आजाऱ्याची भेट घेतली की त्याचं एक कृत्य झालं, आणि तेवढा वेळ जावयाची गोष्ट ऐकून घेणाऱ्या आजाऱ्याचंही एक झालं. एकाच फणीत दोघांचं भागलं.

वसईच्या किल्ल्याला ही यादी आमच्याही आधीपासून ठाऊक आहे. लिस्बन शहरात १४९८ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला त्याच वर्षी, 'मिझेरिकॉर्डिया' नावाची सेवासंस्था निघाली. तिच्या नियमावलीतच ही चौदा कृत्यं मांडलेली होती. पोर्तुगीज जिथे गेले तिथे ही संस्था गेली आणि १५३४ साली वसई त्यांच्या हाती आल्यावर इथेही आली. विधवा, अनाथ, आजारी, कैदी, बेवारस प्रेतं, सगळं तिच्या कामात बसायचं. त्याच राजवटीने देवळं पाडली हेही खरं, आणि ते सांगायला आम्हां वसईकर ख्रिस्ती लोकांना आता अवघडल्यासारखं होऊ नये. दया आणि दांडगाई एकाच तटबंदीत नांदत होत्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, दांडगाई गलबतात बसून गेली. यादी मात्र आमच्याकडे राहिली.

युरोपात याच कृत्यांवरून केवढं रणकंदन झालं! माणूस तरतो तो श्रद्धेने की सत्कर्माने? याकोबाचं एक छोटं पत्र आहे नव्या करारात. त्याचं म्हणणं असं की हातून काही घडत नसेल तर ती श्रद्धा मेलेली समजा. मार्टिन लूथरला हे पत्र खटकलं आणि १५२२ मध्ये त्याने त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. लूथर विद्वान होता, पण त्याच्या घरी भातशेती नसावी. आमच्याकडे पेंढा गुरांना लागतो, आंबे पिकवायला लागतो, नाताळचा गोठा त्याच्याशिवाय उभा राहत नाही. पेंढ्याला नावं ठेवणाऱ्याने कच्चा आंबा खाऊन दाखवावा. पुढे १९९९ साली लुथरन आणि कॅथलिक मंडळींनी एकत्र बसून या वादावर जाहीर समझोता केला. तोवर आमच्या आज्यांच्या कित्येक पिढ्या, वाद सुरू आहे हे कळायच्या आतच, पेज पोचवून घरी आल्या होत्या.

चौदाही कृत्यं आम्ही सारख्या मायेने करतो असं मात्र नाही. सल्ला देणं आणि कानउघाडणी ही आमची खास आवडीची. यासाठी गोंधळलेला माणूस किंवा पापी सापडलाच पाहिजे अशी अट आम्ही ठेवत नाही. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात पाच मिनिटं उभं राहा. तुमच्या मुलाने कुठली लाइन घ्यावी, वाडी विकावी की ठेवावी, गुडघ्याला काय लावावं, सगळं मार्गी लागतं. मूठमातीच्या बाबतीत मात्र आमच्यावर बोट ठेवायला जागा नाही. मयत झालं की वाडीतल्या चुली वाटून घेतल्या जातात, त्या घराची चूल पेटायची गरज पडत नाही. वर्षभर बांधावरून भांडलेला शेजारी खांदा द्यायला पहिला असतो आणि महिन्याभराने पुन्हा बांधावर उभा असतो. कैद्यांचं खातं थोडं कोरडं. परक्याला आसरा देण्याचं काम बिल्डरांनी अंगावर घेतलं आणि चौरस फुटांच्या दराने पार पाडलं.

काही कृत्यं या यादीत बसतच नाहीत. १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी पतपेढी काढली, तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. भुकेल्याला अन्न द्या हे मत्तय सांगतो. भुकेल्याला रास्त व्याजाने कर्ज द्या आणि ते वसूलही करा, हे त्याला सुचलं नाही. खरं तर मत्तय स्वतः जकातदार होता, त्याला सुचायला हवं होतं. सहकारी कर्ज म्हटलं की जामीनदार आले. साडूच्या कर्जाच्या कागदावर सही करताना हात किती जड होतो ते ज्याने केलंय त्याला विचारा. पंधरावं कृत्य म्हणून 'जामीन राहणे' यादीत घालावं असं माझं बरेच दिवस मत होतं.

पण ती जागा पोप फ्रान्सिस यांनी भरली. दयेचं वर्ष म्हणून पाळलेल्या काळात, १ सप्टेंबर २०१६ रोजी, सृष्टीची निगा राखणं हेही दयेच्या कृत्यांत जोडावं असं त्यांनी सुचवलं. जगभर त्याचं कौतुक झालं. वसईत काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल, कारण हे कृत्य त्यांनी पाव शतक आधीच करून ठेवलं होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेतजमिनी आणि बागायती इमारतींसाठी मोकळ्या होऊ लागल्या, आमच्या विहिरींचं गोड पाणी टँकरमध्ये बसून बांधकामांवर जाऊ लागलं. तेव्हा नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी गावकऱ्यांना घेऊन हरित वसई संरक्षण समिती उभी केली. हिंदू, ख्रिस्ती, सगळे त्यात होते. लाल लुगड्यातल्या बाया मोर्च्यांना आल्या. फादरांनी मिस्सा सांगावी, विहिरी कशाला मोजाव्यात, असं म्हणणारेही होते. फादर विहिरी मोजत राहिले, 'सुवार्ता' मासिक चालवत राहिले, बायबल सोप्या मराठीत आणत राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी गेले.

तहानेल्याला पाणी द्यावं हे यादीत आहेच, मग टँकर अडवणं हे पुण्य की पाप? लहानपणी मला हा खरोखरचा पेच वाटायचा. एका म्हाताऱ्या बागायतदाराने तो सोडवला. म्हणाले, "तहानलेला माणूस तांब्या घेऊन येतो रे. टँकर घेऊन येतो तो तहानलेला नसतो." जुलै २०१८च्या पावसात सखल भाग दिवसेंदिवस बुडाले, गाड्या थांबल्या, वीज गेली. पाणी पूर्वी ज्या शेतांत आणि खाजणांत जाऊन बसायचं तिथे भराव होता. तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून दूध आणि मेणबत्त्या पोचवणाऱ्या पोरांत सगळ्या धर्मांची होती, आणि त्यांतल्या कुणाला यादी पाठ असेल असं वाटत नाही.

राहिलं ते माझ्याकडून सुटणारं एक. त्रासदायक माणसांना धीराने सोसणं. याची परीक्षा द्यायला वसईकराला हॉस्पिटलात जावं लागत नाही. सकाळची विरार फास्ट वसईला येते ती दारापर्यंत भरून. आतल्यांच्या चेहऱ्यांवर असा भाव असतो की वसई हे स्टेशन रेल्वेने त्यांना चिडवायला बांधलं आहे. कसंबसं आत शिरलात तर तिघांच्या बाकावर चौथ्या सीटचा प्रश्न. "जरा सरका" म्हटलं की समोरचा अंगठ्याएवढा सरकतो. त्या क्षणी क्षमा, सांत्वन, प्रार्थना, काही आठवत नाही. फक्त कानउघाडणी आठवते, तीही पार अंधेरीपर्यंत.

मी एकदा कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गेलो तेव्हा हे सगळं फादरांना सांगितलं. म्हटलं, फादर, बाकीची तेरा करीन, आजारी बघीन, मयतीला जाईन, साडूला जामीनही राहीन, पण या एकात काही सवलत मिळते का? फादर जाळीपलीकडे बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून जपमाळेची आनंदाची पाच रहस्यं म्हण. सवलतीचं माहीत नाही. मी दोन वर्षं रोज विरार फास्टने सेमिनरीत शिकवायला जात होतो. मग बिशपांकडे अर्ज करून बदली घेतली."