दीड इंच माया

आपल्या देहाचा सातबारा काढलाच, तर मालकांच्या यादीत आपलं नाव अगदी तळाशी सापडेल. वर आत्या, मावशी, शेजारच्या काकू आणि लग्नकार्यात "ओळखलंस का मला?" म्हणून वाट अडवणाऱ्या, आपण कधीच न ओळखलेल्या बाई.

लहानपणी मी म्हणजे पाप्याचं पितर. घरी कोणीही आलं की माझा दंड चिमटीत धरायचं आणि आईला विचारायचं, "हिला खायला घालत नाहीस का गं?" मग डिंकाचे लाडू, शिकरण, दुधावरची साय आणि नाक दाबून गिळायचं कॉडलिव्हर ऑइल. पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात 'बांधा' असा रकाना निघाला. वडिलांनी ऐटीत 'सडपातळ' लिहिलं. ज्या हाडांपायी इतके लाडू संपले, ती एका फटक्यात गुणात जमा झाली. पुढचा रकाना 'वर्ण'. मी चांगली सावळी. तिथे 'गव्हाळ' आलं. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' कंपनीने २०२० मध्ये काढून टाकला, पण अर्जातला गहू अजून बारमाही पिकतो.

बाळंतपणानंतर त्याच मंडळींनी निकाल दिला, "सुटलीस गं!" वाळलेली आणि सुटलेली यांच्यामध्ये कधीतरी मी अगदी प्रमाणात असणारच, पण त्या दिवशी नेमकं कोणी घरी आलं नसावं.

म्हटलं, नातेवाइकांचं जाऊ दे, शास्त्राला विचारू. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित १८३०च्या दशकातलं, केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला आकडेवारीतून 'सरासरी माणूस' शोधायचा होता. कोणाची जिलेबी बंद करायची नव्हती. आजचं नाव या गणिताला १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिलं, तेही पुरुषांची मापं अभ्यासून. १९९८ मध्ये अमेरिकेने जादा वजनाची रेघ खाली, २५ वर आणली आणि लाखो माणसं रात्री नॉर्मल झोपली ती सकाळी जाड उठली. आपल्याकडचे डॉक्टर तर २३ लाच भुवया उंचावतात, कारण आपली चरबी पोटावर साठते आणि मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. माझा आकडा २४. म्हणजे डोंबिवलीत मी जाड आणि न्यूयॉर्कला उतरले की नॉर्मल. इतका सोपा उपाय, पण तिकीट परवडत नाही.

आमच्या डॉक्टरबाईंनी मात्र टेपने कंबर मोजली, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असलेली बरी म्हणाल्या, साखर तपासायला सांगितली, रोज चाला म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझ्या पोटाविषयी इतकं कमी बोलणारी बाई मी प्रथमच पाहत होते. चालायला लागले. गुडघ्यांनी आनंद व्यक्त केला, झोप लागायला लागली. पोट तटस्थ राहिलं.

खरा गुंता कपाटात होता. तिथे एक अख्खा कप्पा 'बारीक झाल्यावर' घालायच्या ब्लाउजांचा. पैठणीवरचा, नारायणपेठीवरचा, एक हौसेने शिवलेला खणाचा. सगळे डांबरगोळ्यांच्या वासात एका बाईची वाट बघत होते, आणि ती बाई साध्या हळदीकुंकवालाही कधी फिरकली नव्हती.

पुतण्याच्या लग्नासाठी नवा ब्लाउज शिवायला टाकला. टेप कमरेला लागताच सवयीने मी श्वास आत ओढला.

"वहिनी, श्वास सोडा," टेलरबाई म्हणाल्या. "लग्नात जेवणार ना?"

"जरा फिटिंगला घ्या. मी बारीक होणारे."

"व्हाल तेव्हा या की. टीप मारायला पाच मिनिटं लागतात. आज आहात तेवढं शिवते." त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहायला घेतलं : छाती, कंबर, दंड, मुंढा. चेहऱ्यावर ना कौतुक, ना कीव. कापड पुरेल की नाही, एवढीच त्यांची काळजी. "आत दीड इंच माया सोडते," म्हणाल्या आणि पावती फाडून दिली.

तो ब्लाउज घालून मी लग्नात जेवले. हात वर करून अक्षता टाकल्या, काही उसवलं नाही. अडवणाऱ्या बाई वेळेवर हजर होत्याच. "काय गं, सुटलीस!"

"हो ना, मजेत आहे. मठ्ठा घेतलात का? छान झालाय."

बाईंच्या हातून पुढचा मुद्दाच निसटला. त्या मठ्ठा शोधायला गेल्या.

कप्पा रिकामा करायचा म्हणून ते ब्लाउज मी भाचीपुढे ठेवले. ती कॉलेजात जाते. पहिलाच तिच्या दंडात अडकला. आरशासमोर ती उभी, एक हात बाहीत, एक बाहेर, डोळे भरलेले. "मावशी, मी जाड आहे ना गं?"

मत द्यायची पाळी आता माझी होती.

"ब्लाउज लहान आहे," मी म्हटलं. "ओढू नकोस, खण फाटेल. आणि चप्पल घाल लवकर, टेलरबाई आठला दुकान बंद करतात."