दुचाकीस प्रवेश नाही

(रंगमंचावर एक खुर्ची, तिच्या पाठीला हेल्मेट अडकवलेलं. तो खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बाईकवर बसतात तसा बसतो. किक मारतो. पुन्हा मारतो. प्रेक्षकांकडे बघून ओशाळं हसतो.)

मी ट्रॉम्बे कोळीवाड्यातला. ट्रॉम्बे माहितीय ना? मानखुर्द स्टेशनला रिक्षावाला ज्या नावाला मान हलवतो आणि म्हणतो, "उधर से भाडा नहीं मिलता", ते ट्रॉम्बे! एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र. 1956 साली आमच्याकडे अप्सरा नावाची अणुभट्टी पेटली, आशियातली पहिली म्हणतात. अणू फुटला, ऊर्जा निघाली. ही मात्र... (किक) ...ही अजून पेटत नाही!

तर मी ठरवलंय. बाईकवरून परदेश!

का म्हणून काय विचारता? देशात बाईकला जागा राहिलीय कुठे? वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, 2009. दुचाकीस प्रवेश नाही. अटल सेतू झाला, जानेवारी 2024, जवळजवळ बावीस किलोमीटर, आमच्या डोळ्यांदेखत समुद्रातून गेला. दुचाकीस प्रवेश नाही! म्हटलं ठीक आहे, निदान पुलावरून जाणाऱ्याला आमचं गाव तरी दिसेल. तर तेही नाही. अणुकेंद्र दिसू नये म्हणून त्या पट्ट्यात आडोसे उभे केलेत. म्हणजे आम्ही पुलावर जायचं नाही आणि पुलावरच्यांनी आमच्याकडे बघायचं नाही. सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखं!

आणि समृद्धी महामार्ग? 701 किलोमीटर. मुंबई ते नागपूर आठ तासांत. 2025 च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडाही खुला झाला. मी हेल्मेट पुसून तयार. पाटी काय? (हात आडवा धरतो.) समृद्धी आहे हो, पण चार चाकं असणाऱ्यांची!

मामा म्हणाला, "भाच्या, भूतानला जा. पासपोर्ट लागत नाय, मतदार ओळखपत्र चालतं. सीमेवर फुन्शोलिंगला परमिट घ्यायचं, गाडीचं परमिट घ्यायचं, सुटायचं." बघा! परका राजा म्हणतो, "या, बाईक घेऊन या," आणि आमणेच्या टोलनाक्यावरचा आपलाच माणूस शिट्टी मारून बाजूला घेतो.

मार्ग आखला. मानखुर्द, घाटकोपर, ठाणे, जुन्या रस्त्याने नागपूर, रायपूर, मग सिलीगुडी, जयगाव. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. त्यातलं सगळ्यात अवघड अंतर? मानखुर्द ते घाटकोपर.

(उठतो. खुर्ची सरळ करतो, आता ते घर.)

मग घरात बैठक बसली. बायको कॅल्क्युलेटर घेऊन. "भूतानमध्ये माणशी रात्रीला बाराशे रुपये? कशाचे?"

"शाश्वत विकास शुल्क. जंगल टिकवतात गं ते. साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे कांदळवन आहे ना. नकाशावर."

"म्हणजे दोघांचे चोवीसशे. नुसतं झोपलो तरी?"

"झोपण्याचेच आहेत ते."

(कॅल्क्युलेटर बडवत) "मग झोपायला रोज जयगावला येऊ. आपल्या बाजूला. सकाळी परत आत."

"अगं, थिंपू तिथून दीडशे किलोमीटर! सगळा घाट!"

"मग झोपायचं नाही. नाहीतरी घड्याळ तिथं अर्धा तास पुढे आहे, तेवढीच रात्र कमी."

ही बाई अर्थ मंत्रालयात का नाही, हे मला कळलेलं नाही.

तेवढ्यात आतून आई. "थय खायला का मिलतं रं?"

मी म्हटलं, "आये, एमा दात्शी. मिरची आणि चीज."

"नि भाजी?"

"मिरचीच भाजी! मसाला म्हणून नाही, भाजी म्हणून. आपण भेंडी खातो तशी ते मिरची खातात. खाली लाल भात."

आई गप्प. कोळीणीला तिखटात कुणी हरवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मग म्हणाली, "नि म्हावरा?"

"आये, तिथं समुद्रच नाही."

आईने कपाळाला हात लावला. समुद्र नसलेल्या देशात माणसं राहतात, आणि वर त्यांना राजा आहे, हे तिला पटेना. "मटान तरी?"

"मिळतं. पण त्यांच्या पवित्र महिन्यांत विक्री बंद."

"म्हंजे श्रावन! घरचा श्रावन तुला सोसत नाय, नि बाराशे रुपये देऊन दुसऱ्याचा पालायला चाललास?"

चहाचं सांगितलं. सुजा म्हणतात, लोणी घालतात, मीठ घालतात. आई म्हणाली, "मागं सुनेनं चुकून चहात मीठ घातलं तवा चाळभर बोंबललास. आता त्यालाच बघायला जातोस?"

मामाला या कशात रस नव्हता. त्याने हळूच विचारलं, "आणि... ते?" म्हटलं, आरा. तांदळाची, मक्याची, घरी गाळलेली. कुठेकुठे गरम करून त्यात अंडं घालून देतात. मामा एकदम भाविक झाला. "बौद्ध देश आहे रे. दर्शन घेतलंच पाहिजे!"

(खुर्चीवर चढतो.) दर्शनाचं ठिकाण म्हणजे पारोचं तक्त्संग. सरळसोट कड्यावर टांगलेला मठ, 3,000 मीटरच्या वर, चढून जायचं पायी. गुरू पद्मसंभव तिथे वाघिणीच्या पाठीवर बसून उडत आले म्हणतात. नशीब, उडत आले. समृद्धीवर वाघिणीलाही सोडली नसती. (खाली बघतो.) तशी तिला पाय चार आहेत म्हणा, वाद घालता आला असता.

पुनाख्याच्या वाटेवर आणखी एक देऊळ आहे. त्या गावात वाईट नजर लागू नये म्हणून घरांच्या भिंतींवर मोठमोठी... (थांबतो. पहिल्या रांगेकडे बघतो.) ...चित्रं काढतात. मी आईला सांगितलं, फुलांची आहेत.

थिंपूत म्हणे ट्रॅफिक सिग्नलच नाही. राजधानी आहे हो! एकदा बसवला होता, लोकांना आवडला नाही, काढून टाकला. चौकात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस नाचल्यासारखे हात फिरवतो, आणि लोक थांबतात! मानखुर्दच्या नाक्यावर हात फिरवला तर माणूस ओरडतो, "ए, टॅक्सी नहीं है ये!"

मला खरी भीती हवेची आहे. जंगल इतकं की कार्बन सोडतात त्यापेक्षा जास्त शोषतात. माझा जन्म रिफायनरी आणि खत कारखान्याच्या मधला. डोळे मिटून, नुसत्या वासावर मी सांगतो चेंबूर गेलं की माहुल आलं. कशाचाच वास नसलेल्या गावात मी घर शोधू कसं?

आईने त्याची सोय केली. दोन किलो सुका जवळा, एक किलो बोंबील, फडक्यात बांधून. "डिकीत ठेव. मिरचीत टाकून खा." म्हटलं, "आये, कस्टमवाला..." "त्यालाबी दे मूठभर!"

सगळं ठरलं. मी रुबाबात चावी उचलली. बायको म्हणाली, "इकडे दे."

"का?"

"2023 साली रमिला लटपटे गेट वे ऑफ इंडियावरून जगप्रदक्षिणेला निघाली. बाईकवर. एकटी. नऊवारीत! आणि तुझी मघापासून किक लागत नाही. सरक."

(मुकाट खुर्चीवर मागे सरकतो. पुढची जागा रिकामी. कानावर हात ठेवून इंजिन ऐकतो.) पहिल्या किकला पेटली हो!

मी म्हटलं, "आये, तू तरी सांग तिला!"

आईने दोघांकडे बघितलं, गाठोडं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "डिकीत नको. तू मोकलाच हायस. जवला धर."

(गाठोडं घट्ट धरून, वळणावर झुकतात तसा झुकतो. अंधार.)