सपाट टीव्ही निवडण्याची प्रमाणित कार्यपद्धती
(नगरच्या नागापूर, बोल्हेगाव व एमआयडीसी परिसरातील कुटुंबांसाठी)

१. हेतू

नागापूरच्या एमआयडीसीत साधा नट आवळायचा असला तरी मशीनशेजारी कार्यपद्धती लटकवलेली असते. कोणता पाना, किती टॉर्क, तपासले कोणी, सही कोणाची, सगळे लिहिलेले. तोच नट आवळणारा माणूस सुटी झाली की सीना नदीचा पूल ओलांडून सावेडीत जातो आणि पाऊण तासात चाळीस हजारांचा टीव्ही घेऊन येतो. का घेतला, असे विचारल्यास ‘शोरूममध्ये पोपट लई भारी दिसत होता’ एवढेच उत्तर मिळते. ही तफावत दूर करण्यासाठी प्रस्तुत कार्यपद्धती तयार केली आहे. भाड्याची खोली, पत्र्याची खोली, वन बीएचके आणि ‘वर अजून एक मजला काढायचाय’ या अवस्थेतली घरे, सर्वांना ती सारखीच लागू राहील.

२. गरज सिद्ध करणे

जुना टीव्ही चालू आहे, ही या कामातली मुख्य अडचण होय. ग्राह्य कारणे अशी: रंग उडाले आहेत, रिमोटला थापट्या माराव्या लागतात, मुलांचा अभ्यास यूट्यूबवर असतो. ‘चाकणच्या दाजींनी ५५ इंची घेतला’ हे कारण खरे असले तरी कागदावर आणू नये. दुबईच्या नातेवाइकाकडून मागवण्याचा प्रस्ताव आल्यास तो जुन्या काळातला समजावा. विमानातून सपाट टीव्ही करमुक्त आणण्याची सवलत २६ ऑगस्ट २०१३ पासून बंद झाली आहे.

३. खरेदी समिती

समितीत तीन सदस्य असतात. पहिला, पैसे देणारा. दुसरा, चिरंजीव, त्याने मोबाइलवर चाळीस परीक्षणे पाहिलेली असतात आणि त्याला सर्व आकडे पाठ असतात. तिसरे, आबा. आबांचे म्हणणे एवढेच, की टीव्ही आपल्याकडचा घ्या. ‘आपल्याकडचा’ म्हणजे व्हिडिओकॉन, कारण तो पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तयार व्हायचा. त्या कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण २०१८ मध्ये सुरू झाले, हे त्यांना हळू आवाजात आणि जेवणानंतर सांगावे.

घरात रोज सर्वाधिक वेळ टीव्ही पाहणारी व्यक्ती या समितीवर नसते. बैठकीला चहा तीच आणते. या त्रुटीचा विचार कलम ७ मध्ये केला आहे.

४. मोजमाप

टीव्हीचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. खोक्यावर तो सेंटिमीटरमध्येही छापलेला असतो: ३२ इंची म्हणजे ८० सेंमी, ४३ इंची म्हणजे १०८ सेंमी. शेजाऱ्यांना सांगताना सेंटिमीटर वापरावेत, भिंत मोजताना रुंदी धरावी. ४३ इंचीची रुंदी सुमारे ९५ सेंमी आणि उंची ५३ सेंमी भरते. ३२ इंचीची रुंदी सव्वादोन फुटांच्या थोडी पुढे जाते.

नागापुरातल्या अनेक घरांत भिंतीतले शोकेस २१ इंची डबा टीव्हीच्या काळात बांधलेले आहे. त्याचा मधला कप्पा दोन फुटांचा असेल, तर त्यात ३२ इंचीसुद्धा बसणार नाही. अशा वेळी शोकेस तोडायचे की टीव्ही लहान घ्यायचा, या प्रश्नावर कुटुंबे फुटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून टेप घरून निघण्याआधी लावावा, आल्यावर लावू नये.

अंतराचा साधा नियम असा, की पडद्याच्या कर्णाच्या दीडपट लांब बसावे. ४३ इंचीला साडेपाच फूट, ५५ इंचीला सात फूट. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसले, तर डोळे पडद्यापासून आठ फुटांवर येतात. म्हणजे गणिताने ६५ इंचीही बसतो. हे गणित चिरंजिवांच्या हाती कलम ५ वाचून होईपर्यंत लागू देऊ नये.

५. ठिपके

फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फ्री डिशवरून येणाऱ्या साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात. भागाकार करून पाहावा. उत्तर बरोबर वीस येते. एक ठिपका परमनंट आणि उरलेले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले कंत्राटी, असा तो हिशेब आहे. एमआयडीसीत राहणाऱ्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

अशी वाहिनी ६५ इंचीवर आठ फुटांवरून पाहिली की निवेदिकेचा चेहरा मेणाचा वाटतो आणि कबड्डीपटूंच्या जर्सीवरचे आकडे पुसट होतात. म्हणून घरात काय पाहिले जाते त्याची आठवडाभर यादी करावी. सगळे फ्री डिश किंवा साध्या केबलवर चालत असेल, तर त्या खोलीत ३२ ते ४३ इंची पुरेसा आहे. इंटरनेट जोडलेले आहे, वायफायचे डबडे खरेच चालते आणि सिनेमे, सामने त्यावरच पाहिले जातात, असे असेल तर मोठ्या पडद्याचा अर्ज विचारार्थ घ्यावा.

६. अक्षरे

एलईडी टीव्ही हा एलसीडी टीव्हीच असतो, त्याच्या पाठीमागे एलईडीचे दिवे लावलेले असतात. क्यूएलईडी हाही एलसीडीच. दिवे आणि पडदा यांच्यामध्ये रंग खुलवणारा एक थर जास्त असतो. ओएलईडी मात्र वेगळ्या जातीचा. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण एकच चित्र तासन् तास एका जागी राहिले तर ओएलईडीवर त्याचा डाग उमटू शकतो. आबा सकाळी सहापासून बातम्या लावून बसतात, तेव्हा खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातले चिन्ह हलत नाही. अशा घरात ओएलईडी घेतल्यास काही वर्षांनी गणपतीची आरती चालू असतानाही ‘ब्रेकिंग न्यूज’ची पुसट पट्टी दिसत राहण्याचा संभव आहे.

‘स्मार्ट’ हा शब्द चिरंजिवांच्या अखत्यारीत येतो. एवढेच लक्षात ठेवावे की टीव्हीचा मेंदू तीन-चार वर्षांत मंदावतो, पडदा त्याहून जास्त टिकतो. मेंदू काही हजारांची कांडी लावून नवा बसवता येतो, पडदा बसवता येत नाही. म्हणून पैसे पडद्यावर घालावेत. आवाजी रिमोटच्या प्रात्यक्षिकात नगरी मराठीत हुकूम सोडून पाहावा. ‘ए, ती कालची शिरेल लाव की’ याला टीव्हीने काहीतरी लावले तरी त्याला उत्तीर्ण करावे.

७. बाजूची चाचणी (अत्यंत महत्त्वाची)

टीव्ही समोरून विकत घेतला जातो आणि बाजूने पाहिला जातो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात मराठी मालिका चालतात. भाकरी थापायची, कुकर लावायचा, डबे भरायचे, तेही याच वेळात. त्यामुळे मालिका जिच्यासाठी चालू असते ती व्यक्ती टीव्हीसमोर कधीच नसते. ती ओट्यापाशी असते आणि दारातून तिरकी पाहते. आजीची कॉट दुसऱ्या कोपऱ्यात असते. बरोबर मध्यभागी, कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवलेल्या जागी, बहुधा मोबाइलमध्ये डोके घातलेला चिरंजीव असतो.

एलसीडी पडद्यांमध्ये दोन प्रकार जास्त आढळतात. व्हीए पडद्यावर समोरून काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूला सरकले की चित्र फिके पडत जाते. आयपीएस पडद्यावर काळा थोडा राखाडी दिसतो, पण बाजूनेही रंग बरेचसे टिकतात. विक्रेत्याला हा प्रश्न विचारावा. उत्तर न आल्यास पुढील कृती करावी:

अ) घरी भिंतीवरची टीव्हीची जागा, ओटा आणि आजीची कॉट यांचा कागदावर कच्चा नकाशा काढावा.
आ) शोरूममध्ये टीव्हीसमोर उभे न राहता नकाशाप्रमाणे ओट्याच्या जागी उभे राहावे. तेथे फ्रीज मांडलेले असल्यास फ्रीजला खेटून उभे राहावे.
इ) त्या जागेवरून नायिकेच्या साडीचा रंग ओळखता येतो का, ते पाहावे.
ई) विक्रेता ‘साहेब, समोर या ना’ म्हणेल. जाऊ नये.

ज्या व्यक्तीसाठी ही चाचणी आहे तिलाच बरोबर नेल्यास कृती अ ते ई वाचतात. हा उपाय स्वस्त असूनही फारसा वापरात नाही.

८. आवाज

टीव्ही जितका पातळ, तितकी स्पीकरला जागा कमी. बहुतेक सपाट टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीला सांगितला जातो आणि मग आपल्याला. शोरूममधल्या शांततेत तो पुरेसा वाटतो. घरी त्याची स्पर्धा मिक्सर, कुकरची शिट्टी आणि मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांशी असते. आकार दोन इंचांनी कमी करून वाचलेल्या पैशांत साउंडबार घेतल्यास ओट्यापर्यंत संवाद पोचतो. मात्र टीव्हीला एचडीएमआय एआरसी हे छिद्र आहे का, ते पाहून घ्यावे.

घरात नाइट करून आलेला माणूस दिवसा त्याच खोलीत झोपत असेल, तर टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडता येणे सक्तीचे समजावे. या कारणावरून झालेल्या भांडणांत दोन्ही बाजूंचे बरोबर असते.

९. शोरूममध्ये

शोरूममधले टीव्ही सर्वांत भडक मोडवर ठेवलेले असतात आणि त्यावर पोपट, धबधबे आणि परदेशी फळे दाखवतात. यातले काहीही आपल्या घरी लागणार नाही. पेनड्राइव्हमध्ये आपल्या पाहण्यातला एखादा जुना, किंचित धूसर मराठी सिनेमा न्यावा आणि मोड ‘सिनेमा’वर टाकायला लावावा. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करायला सांगावी. ती चालू असली की सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो. कलम ७ मधील व्यक्तीची याला हरकत नसल्यास चालू ठेवावी.

१०. पैसे

नागापुरात टीव्ही बोनसवर येतो. कायद्याने बोनस कमीत कमी ८.३३ आणि जास्तीत जास्त २० टक्के. घरी टीव्ही किती इंचांचा येणार, हे या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी ठरते. उरलेले ‘झिरो कॉस्ट’ हप्त्यावर. झिरो कॉस्टमध्ये प्रोसेसिंग फी आणि रोखीची गेलेली सूट मिळवून जो आकडा येतो, तो वहीत लिहावा.

कराची एक सीमारेषा पूर्वी ठाऊक असणे आवश्यक होते. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीला १८ टक्के आणि त्याहून मोठ्याला २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवशी, मोठेही १८ टक्क्यांवर आले. जो टीव्ही आधी करासह ३८,४०० रुपयांचा होता, त्याची मूळ किंमत तीच राहिली तर तो ३५,४०० ला यायला हवा. तसा आला नाही, तर विचारावे. ‘कर वाढतोय म्हणून ३२च घेतला’ ही जुनी सबब आता चालणार नाही, हे पैसे देणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

११. वाहतूक व जोडणी

टीव्हीचे खोके उभेच न्यावे, आडवे टाकू नये. पडद्यावर स्वतःचाच भार आला की खड्ड्यात तो तडकतो. मोटारसायकलवर मागे बसून खोके पोटाशी धरून मनमाड रस्त्याने येण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु या कार्यपद्धतीला मान्य नाही. दोनशे रुपयांचा टेम्पो करावा.

भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर यावा. देवांच्या फोटोंच्या रांगेत लावल्यास महिनाभरात मानेला पट्टा लागतो. भिंत घरमालकाची असल्यास ड्रिल लावण्याआधी विचारावे. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरचा आग्रह मोडून काढावा. मात्र वीज कडाडायला लागली की डिशची वायर काढावी. जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते आणि तांब्यासाठी तो भर रस्त्यात फोडला जातो. एक्स्चेंजमध्ये पाचशे आले तरी द्यावा.

१२. स्वीकृती

जोडणी झाल्यावर स्वीकृतीपत्र भरावे. पैसे देणारा, चिरंजीव आणि आबा यांच्या सह्या चालतील, पण त्या पुरेशा नाहीत. टीव्ही बदलून देण्याची मुदत संपण्याआधी, संध्याकाळी साडेसात वाजता, कुकर चालू असताना, ओट्यापाशी उभ्या असलेल्या व्यक्तीकडून ‘दिसतंय का? ऐकू येतंय का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. ‘हो’ आल्यास खरेदी पूर्ण झाली. ‘गप बसा जरा’ असे उत्तर आल्यासही पूर्ण झाली, आणि त्यासाठी वेगळी सही मागू नये.