वीस मिनिटांचे सर

‘चांगलाय. पण वीस मिनिटं कापायला हवा होता.’

हे वाक्य तुम्ही ऐकलंय. मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यावर ऐकलंय, पार्किंगमध्ये किल्ली चाचपडताना ऐकलंय, आणि ते उच्चारणारे गृहस्थ कसे दिसत असतील हे मान न वळवताही तुम्हाला ठाऊक होतं. भर मे महिन्यात एसीच्या धास्तीनं घातलेला बिनबाह्यांचा स्वेटर. खिशात घरून आणलेल्या आलेपाकाच्या वड्या (बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाचा खिसा कोण तपासतो?). आणि आवाज असा खणखणीत, की पुढच्या शोसाठी थांबलेल्यांनाही आपण वीस मिनिटांचे पैसे जास्त मोजले असं वाटावं.

आमच्याकडे हे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी सोसायटी त्यांना सर म्हणते. ते खरोखरच सर होते. शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यातही सारांशलेखन हा त्यांचा हातखंडा. ‘खालील उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा’ या एका प्रश्नावर त्यांनी पिढ्याच्या पिढ्या घासून काढल्या. पोरांच्या निबंधातली ‘रम्य’, ‘नयनमनोहर’ आणि ‘रुपेरी’ ही विशेषणं लाल शाईनं खुडत खुडत ते निवृत्त झाले. पुढे खुडायला काही उरलं नाही, तेव्हा सिनेमा हाती लागला.

सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं ना, ते वाचणारा अख्ख्या थिएटरात एकच प्रेक्षक असतो. बाकीचे खुर्ची शोधत असतात, पॉपकॉर्न सांडत असतात. सर पुढे झुकून लांबीचा आकडा टिपतात. ‘एकशे एकसष्ट!’ असं पुटपुटतात आणि काकूंकडे बघतात. काकू बघत नाहीत. सिनेमाचं नाव यायच्या आधीच सरांच्या मनात तो एकशे एकेचाळीस मिनिटांचा झालेला असतो.

गंमत म्हणजे आकडा हलत नाही. ‘लगान’ पावणेचार तासांचा होता. वीस मिनिटं कापायला हवा होता. ‘श्वास’ दोन तासही नव्हता, त्यातूनही वीस. मी म्हटलं, ‘सर, मग उरतं काय?’ तर म्हणाले, ‘गाभा.’ नातवानं ‘ओपेनहायमर’ला नेलं. बॉम्ब फुटल्यावरही चौकशी, साक्षी, समिती असा जवळजवळ तासाभराचा कारभार शिल्लक होता आणि आमच्या रांगेतले निम्मे लोक मनातल्या मनात तो तासच्या तास उडवायला तयार होते. सर बाहेर आले आणि म्हणाले, ‘वीस मिनिटं.’ तत्त्वाचा माणूस. एक मिनिट जास्त मागणार नाही.

या विषयातला त्यांचा वेद म्हणजे ‘मेरा नाम जोकर’. कॉलेजात असताना, १९७० साली, दोन मध्यंतरांसह, चार तासांहून जास्त वेळ बसून त्यांनी तो पाहिला. सिनेमा आपटला. पुढे राज कपूरनं तो कापून छोटा केला. ‘म्हणजे शेवटी कापलाच ना? आधीच विचारलं असतं तर?’ कुणाला विचारलं असतं, हे सर सांगत नाहीत. मात्र आर. के. स्टुडिओतून आपल्याला एखादं पोस्टकार्ड यायला हवं होतं, हा भाव अजून चेहऱ्यावर आहे.

आणि मग डिसेंबर २०२४ मध्ये ‘पुष्पा २’ आला. लांबी तीन तास वीस मिनिटं. सरांचा आनंद तुम्ही पाहायला हवा होता. इतकी वर्षं जी वीस मिनिटं सिनेमाच्या अंगात कुठेतरी मुरलेली असायची, ती निर्मात्यांनी या वेळी सुटी काढून वर ठेवली होती. ‘तीन तास सिनेमा, वर माझी वीस!’ असं ते महिनाभर वाण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. जानेवारीत पेपरात बातमी आली: त्याच सिनेमात आणखी वीस मिनिटं घालून तो पुन्हा लावणार. कापणार नाहीत, घालणार. बरोब्बर वीस. सर दोन दिवस फिरायला खाली उतरले नाहीत. काकूंनी सांगितलं, पित्त झालंय.

हा रोग सिनेमापुरता राहिला असता तरी सोसायटीनं सोसला असता. पण परवाच्या एका लग्नात शेवटचं ‘सावधान’ होणार, इतक्यात नवरीची मामी स्वतः रचलेली मंगलाष्टकं घेऊन माइकपाशी आली. त्यात दोन्ही घराण्यांचा इतिहास होता, आजोबांच्या पेन्शनचा उल्लेख होता, मुहूर्ताची वेळ मात्र नव्हती. हातातल्या अक्षतांना घाम फुटला. जेवणानंतर आहेराच्या रांगेत सरांनी नवरीच्या बापाचा हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, ‘छान झालं लग्न. वीस मिनिटं कापायला हवं होतं.’ तो बिचारा मुलीच्या वियोगानं आधीच हळवा झालेला, त्यानं मान डोलावली. सत्यनारायणाच्या पाच अध्यायांपैकी साधुवाण्याचं प्रकरण लांबलंय, असं सरांनी खुद्द गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, ‘दक्षिणा तेवढीच राहील.’

काकूंनी यावर स्वतःचा इलाज काढला आहे. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायकांच्या झुंडी नऊवारी नेसून, गॉगल लावून जात होत्या, तेव्हा काकूही आपल्या भिशीच्या मंडळाबरोबर गेल्या. सरांना घरी आमटीभाताचा कुकर दाखवून ठेवला होता. रात्री काकू परतल्या, आवाज बसलेला, केसात कुणाचा तरी गजरा. सरांनी दारातच विचारलं, ‘किती कापायला हवा होता?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्हाला कापलं, तेवढं पुरलं.’

सरांबरोबर सिनेमाला जायचं मी टाळतो, असं म्हणायला मला आवडेल. पण तिकीट मोबाइलवर काढायचं असतं, सरांचा मोबाइल त्यांचं ऐकत नाही आणि काकूंचे गुडघे सरांचं ऐकत नाहीत. त्यामुळे ‘अरे, शुक्रवारी मोकळा आहेस का?’ हा फोन मलाच येतो आणि शेजारच्या खुर्चीतला स्वेटर माझ्या वाट्याला.

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ला असेच गेलो. लांबी एकशे एकसष्ट, वर सांगितलीच. तो सिनेमा पाहिलेल्यांना शेवटाबद्दल काही सांगायला नको. संभाजी महाराजांना पकडल्यानंतर जे पडद्यावर होतं, ते बघताना सगळं थिएटर मुसमुसत होतं. आमच्या पुढच्या रांगेतला एक तरुण तर मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर धरून रडत होता. त्या आठवड्यात रडण्याचे असे व्हिडिओ घरोघरी पोचलेच होते. याला बहुधा पहिल्या खेपेला उजेड कमी पडला असावा, कारण त्यानं हात थोडा वर केला, मान तिरपी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे महाराजांचे हाल चाललेले, आणि हा आपल्या अश्रूंचा कोन सुधारतोय. सिनेमा संपला तेव्हा लाइक किती पडले हे बघत तो हसत हसत बाहेर गेला. त्याच्या मते सिनेमातलं काहीच कापायला नको होतं.

सर त्या वेळी पडद्याकडे बघत नव्हते. डावीकडच्या ‘बाहेर’ लिहिलेल्या पाटीकडे बघत होते. चष्मा काढला होता आणि स्वेटरच्या टोकानं तो पुसत होते. खूप वेळ पुसत होते. ‘एसीनं धुकं येतं काचेवर,’ असं मी न विचारताच म्हणाले. जिन्यावर आल्यावर नेहमीचा खणखणीत आवाज लागला: ‘शेवटची वीस मिनिटं कापायला हवी होती.’

शेवटची? सरांनी वीस मिनिटं कुठली, हे याआधी कधी सांगितल्याचं मला आठवेना. आठवायला लागलो, तर सांगितलं होतं. ‘श्वास’मध्ये डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधी आजोबा नातवाला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर काढून शहर दाखवायला नेतात, तो भाग. ‘सैराट’मध्ये आर्ची हैदराबादहून आईला फोन लावते, तिथून पुढे. आणि त्या प्रत्येक सिनेमाला, म्हणे, एसी फार होता. ‘श्वास’ आम्ही ज्या टॉकीजमध्ये पाहिला, तिथे तर वर पंखे होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो, तर टीव्हीवर ‘फँड्री’ चालू. नातवानं काहीतरी जोडून दिलं होतं आणि रिमोट सरांच्या हातात होता. मागेपुढे करायची बटणं त्यांना आता येतात. जाहिरात आली की ती सारांशलेखनाच्या सवयीनं उडवतात. आम्ही बसलो तेव्हा डुक्कर धरायचा प्रसंग लागला होता. जब्याचं सगळं घर डुकरामागे धावतंय, बाजूला शाळेतली पोरं, गावातली पोरं टाळ्या पिटून हसतायत, आणि जब्या कुठे तोंड लपवावं ते शोधतोय. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, तो आहे तिथे ताठ उभा राहतो आणि डुक्कर निवांत समोरून निघून जातं. नागराज मंजुळेंनी तो प्रसंग लांबवलाय. मुद्दाम लांबवलाय, संपता संपत नाही.

मी रिमोटकडे बघत होतो. एक बटण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वीस मिनिटं स्वतःच्या हातानं कापायची सोय सरांना मिळाली होती, आणि अंगठा त्या बटणावरच होता. सरांनी ते दाबलं नाही. बैठकीच्या खोलीत एसी नाही, त्यामुळे चष्माही पुसता येईना.

‘माझ्या वर्गात होता असा एक,’ बऱ्याच वेळानं म्हणाले. ‘खिडकीशी, शेवटच्या बाकावर. वाचायला उभा केला की नुसता उभा राहायचा. पोरं हसायची. मला वाटायचं, अभ्यास करत नाही. मी त्याला बाकावर उभा करायचो. म्हणजे आणखी दिसायला लागायचा सगळ्यांना.’

काकूंनी आतून चहा आणला. सरांनी बशीत ओतला, तो निवला तरी तसाच. शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो आणि सिनेमा संपतो. सर मात्र टीव्ही बंद न करता नावं वर सरकताना बघत राहिले, अगदी ‘आभार’पर्यंत. मग घसा खाकरला. ‘ते डुकराचं... वीस मिनिटं तरी...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. काकू म्हणाल्या, ‘हो हो, कापायला हवं होतं. चहा घ्या आधी.’

तेव्हापासून मी पेपरातले तारे बघायचे सोडले. कुठलाही नवा सिनेमा लागला की आधी सरांना जाऊ देतो. ‘बरा आहे. कापण्यासारखं काही नाही त्यात,’ असं ते म्हणाले की आमचे पैसे वाचले. त्या सिनेमात नाचगाणी झकास असतात, गाड्या उडतात, माणसं उडतात, आणि सरांचा चष्मा पहिल्यापासून शेवटपर्यंत नाकावर असतो. वीस म्हणाले की मी रविवारची तिकिटं काढतो. ऑफिसात माझ्या परीक्षणांना चांगलाच मान आहे; त्यामागे दुसऱ्या मजल्यावरचा एक स्वेटर आहे हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ लागला. कोकणातला म्हातारा दशावतारी नट, आणि त्या भूमिकेत ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. सर नि काकू पहिल्याच आठवड्यात, गुडघ्यांना विचारून, रिक्षा करून गेले. मी गॅलरीत थांबलो होतो. सर रिक्षातून उतरले, मीटर वाचलं, सुट्ट्या पैशांवरून थोडा वाद घातला, मग मान वर करून मला शोधलं.

‘पंचवीस!’ खालूनच ओरडले.

मी त्याच रात्रीच्या शोची तिकिटं काढली आणि बायकोला म्हटलं, रुमाल दोन घे, मला स्वेटर नाही.